बुजरेपणा की स्वमग्नता? किशोरवयातील एक शंका

पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा, लग्नसमारंभात भिंतीशी उभा राहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी बहुतेक कुटुंबांत असते. ‘बुजरा आहे’, ‘घुमी आहे’, ‘एककल्ली आहे’, ‘मोठेपणी सुटेल’ अशा शब्दांत घरची मंडळी त्याची वासलात लावतात आणि विषय तेथेच संपतो. अलीकडे मात्र चौदा-पंधरा वर्षांची मुले स्वतःच एक प्रश्न विचारू लागली आहेत: आपण केवळ लाजाळू आहोत, की स्वमग्न आहोत?

ही शंका हसण्यावारी नेणे जितके चूक, तितकेच स्वतःच्या मनाने निदान करून मोकळे होणेही चूक. बुजरेपणा आणि स्वमग्नता बाहेरून सारखी दिसू शकते. परंतु दोहोंची मुळे वेगळी आहेत आणि म्हणूनच त्यांवरील उपायही वेगळे आहेत. एकाला जो धीर उपयोगी पडतो, तोच दुसऱ्याच्या दृष्टीने छळ ठरू शकतो.

शब्दामागचा इतिहास

‘ऑटिझम’ हा शब्द स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ केला. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला असून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे बाह्य जगापासून तुटणे, असा त्याचा मूळ अर्थ होता. लहान मुलांच्या संदर्भात आज ज्याला स्वमग्नता म्हणता येईल, असे वर्णन मॉस्कोतील डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२६ साली जर्मन नियतकालिकात केले. ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, बुद्धीने तल्लख, परंतु इतरांत न मिसळणाऱ्या मुलांचे वर्णन केले. आस्पर्गर यांचे नाझी राजवटीशी असलेले सहकार्य २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून तपशिलाने पुढे आले आहे.

ब्रिटनमधील डॉ. लॉर्ना विंग यांनी १९८१ साली आस्पर्गर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. स्वमग्नतेचा एकच ठरावीक साचा नसून तो एक विस्तृत पट आहे, ही कल्पना रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ‘आस्पर्गर सिंड्रोम’ हे वेगळे नाव काढून टाकले आणि सर्व प्रकार ‘स्वमग्नता वर्णपट’ या एकाच नावाखाली आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही हीच पद्धत आहे.

मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्द सुटसुटीत असला, तरी तो थोडा फसवा आहे. ही मुले हौसेने स्वतःत रमलेली आहेत, त्यांना इतरांची ओढ नाही, असा समज त्यामुळे होतो. प्रत्यक्षात मैत्रीची तीव्र इच्छा असलेल्या, पण ती जुळवावी कशी हे न उमगणाऱ्या स्वमग्न मुलांची संख्या मोठी आहे.

बुजरेपणा कशाला म्हणावे?

बुजरेपणा हा आजार नव्हे. तो स्वभावविशेष आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी वर्षानुवर्षे मुलांचा मागोवा घेऊन असे दाखवले, की काही मुले जन्मतःच नवख्या माणसांना व प्रसंगांना बिचकतात आणि हा कल पुढेही काही प्रमाणात टिकतो. अशा मुलांना वेळ दिला, ओळख वाढली, की ती खुलतात. हेच बिचकणे इतके वाढले, की तोंडी परीक्षा, दुकानातील साधी खरेदी किंवा मित्राला फोन करणेही अशक्य व्हावे, तर त्याला ‘सामाजिक चिंताविकार’ म्हणतात. तो बहुधा किशोरवयातच डोके वर काढतो आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत.

फरक कोठे पडतो?

पहिला फरक अडचणीच्या स्वरूपात आहे. बुजऱ्या मुलाला काय बोलावे हे बहुधा कळत असते. लोक काय म्हणतील या धास्तीने ते ओठांवर येत नाही. स्वमग्न मुलाला अनेकदा प्रसंगच उलगडत नाही. समोरचा थट्टा करतो आहे की रागावला आहे, आपली बोलण्याची पाळी कधी आली, बोलणे कोठे थांबवावे, हे इतरांना आपोआप कळते. त्याला ते तर्काने शोधून काढावे लागते.

दुसरा फरक ओळखीच्या माणसांत दिसतो. बुजरी मुलगी मामाच्या गावी भावंडांत दिवसभर बडबडते. स्वमग्न मुलीला भावंडांच्या घोळक्यातही तोच गोंधळ आणि तोच थकवा जाणवू शकतो. मात्र आवडीचा विषय निघाला, तर ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता तासभर बोलू शकते.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. स्वमग्नतेची निम्मी लक्षणे माणसांशी संबंधितच नसतात. निदानपुस्तिकेत लक्षणांचे दोन गट आहेत. पहिल्या गटात परस्पर देवाणघेवाण, नजर-हावभावांसारखा शब्दांवाचूनचा संवाद आणि नाती जोडणे व टिकवणे या तिन्ही बाबींत अडचण असावी लागते. दुसऱ्या गटात चार बाबी आहेत: त्याच त्या हालचाली किंवा शब्दांची पुनरावृत्ती, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचे विलक्षण वेड आणि आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांबाबतची असाधारण संवेदनशीलता किंवा बधिरता. यांपैकी किमान दोन असाव्या लागतात. गणवेशाच्या कॉलरमागची चिठ्ठी असह्य होणे, कुकरच्या शिट्टीने किंवा ढोल-ताशाने कासावीस होणे, शाळेची नेहमीची वाट बदलली म्हणून दिवस बिघडणे, या गोष्टींचा लाजेशी काही संबंध नाही. त्या आढळत नसतील, तर केवळ अबोलपणावरून स्वमग्नतेचे निदान होऊ शकत नाही.

चौथा फरक काळाचा. स्वमग्नता जन्मजात असते. तिच्या खुणा बालपणात सापडायला हव्यात. आठवीपर्यंत मोकळेपणाने वावरणारे मूल एकाएकी मिटले असेल, तर आधी नैराश्य, चिंता किंवा शाळेतील छळ यांचा विचार करावा लागतो.

अर्थात हे दोन रस्ते नेहमीच वेगळे असतात असे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार १८ वर्षांखालील स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना एखादा तरी चिंताविकार होता. वारंवार चुकून हसे झालेले मूल माणसांना भिऊ लागले, तर त्यात नवल नाही. त्यामुळे ‘हे की ते’ एवढाच प्रश्न नसून ‘दोन्ही’ हेही उत्तर असू शकते.

शंका किशोरवयातच का?

लक्षणे जन्मापासून असतील, तर ती लहानपणीच का ओळखली गेली नाहीत, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर निदानपुस्तिकेतच आहे: परिस्थितीच्या अपेक्षा कुवतीपलीकडे जाईपर्यंत लक्षणे पूर्णपणे उघड न होणे शक्य असते. शाळेत ठरलेला वर्ग, ठरलेला बाक, ओळखीचे शिक्षक आणि तासांचे वेळापत्रक असते. दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात गेले, की हा आधार निघून जातो. शंभर अनोळखी मुले, कोपरखळ्यांची भाषा आणि क्षणोक्षणी बदलणारे गट यांत हुशार मुलाचीही दमछाक होते.

दुसरे कारण म्हणजे मुखवटा. इतरांचे पाहून हसणे, नजर भिडवण्याचा सराव करणे, संभाषण मनात आधी रचून ठेवणे, अशा मार्गांनी काही मुले आपले वेगळेपण झाकतात. मुलींमध्ये हे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांत दिसते. त्यातच आपल्याकडे मुलगी गप्प बसली, की तिला ‘गुणी’ म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२५ साली दिलेल्या अहवालात आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याची नोंद आहे. त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या ३.४ पट आहे. या तफावतीचा काही भाग मुलींचे निदानच न होण्यामुळे असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. दिवसभर मुखवटा वागवलेले मूल घरी आल्यावर कोसळते, चिडते किंवा खोलीचे दार लावून घेते. घरच्यांना मात्र तो उद्धटपणा वाटतो.

प्रश्नावली आणि तिची मर्यादा

मोबाईलवर सहज मिळणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली केंब्रिज येथील सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रौढांसाठी तयार केली. तीत ५० विधाने आहेत. मूळ अभ्यासात सुमारे ८० टक्के स्वमग्न व्यक्तींना आणि केवळ दोन टक्के इतरांना ३२ किंवा अधिक गुण मिळाले. हे आकडे प्रभावी वाटतात. पण साधे गणित करून पाहावे. दर ३१ मागे एक हे प्रमाण धरल्यास एक हजार जणांत सुमारे ३२ स्वमग्न असतील आणि त्यांपैकी २६ जण ही मर्यादा ओलांडतील. उरलेल्या ९६८ पैकी दोन टक्के, म्हणजे १९ जणही ती ओलांडतील. म्हणजे जास्त गुण मिळालेल्या ४५ जणांपैकी १९ जण स्वमग्न नसतील. चिंताग्रस्त माणसाचे गुण मुळातच वाढतात, त्यामुळे लाजाळू मुलांत ही चूक आणखी मोठी होते. किशोरवयीनांसाठी २००६ साली वेगळी आवृत्ती निघाली. ती मुलाने नव्हे, पालकांनी भरायची असते. प्रश्नावली तपासणीची गरज सुचवते. निकाल देत नाही.

निदान कसे होते?

स्वमग्नतेसाठी रक्ताची तपासणी नाही की मेंदूचे छायाचित्र नाही. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ पालकांकडून बालपणाचा तपशील घेतात, मुलाशी बोलतात, त्याचे निरीक्षण करतात आणि चिंता, नैराश्य, अवधानदोष यांचाही विचार करतात. भारतात प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय मतिमंद संस्थेने २००९ साली तयार केलेली ४० विधानांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तीत ७० पासून पुढचे गुण स्वमग्नतेचे निदर्शक मानतात. मुखवटा वागवणाऱ्या, उत्तम बोलणाऱ्या मुलांबाबत केवळ अशा गुणांवर विसंबता येत नाही. अनुभवी तज्ज्ञाची मुलाखत लागतेच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंतर्भूत असून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र हे त्याचे पुढचे ठिकाण आहे.

भेटीपूर्वी जुन्या वस्तू शोधून ठेवाव्यात. शाळेच्या प्रगतिपुस्तकातील ‘एकटा बसतो’, ‘वर्गात बोलत नाही’ असे शेरे, वाढदिवसाच्या चित्रफिती, आजीच्या किंवा बालवाडीतील बाईंच्या आठवणी, यांतून बालपणाचे चित्र स्पष्ट होते.

घरी कसे बोलावे?

जे मूल बोलायलाच कचरते, त्याने आईबाबांसमोर बसून ही शंका सांगावी, ही अपेक्षा जड आहे. त्यापेक्षा कागदावर लिहून देणे सोपे जाते. ‘मी स्वमग्न आहे’ असे जाहीर करण्याऐवजी पाच-सहा प्रसंग लिहावेत: काय घडले, त्या वेळी काय जाणवले, सावरायला किती वेळ लागला. नावावर वाद होतो. प्रसंगांवर सहसा होत नाही.

पालकांनी ‘हे सगळे त्या मोबाईलमुळे’, ‘आम्हीही लाजायचो’ ही वाक्ये टाळावीत. त्यांतले दुसरे वाक्य खरे असू शकते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पालनपोषणातील चुकीमुळे ती होते ही समजूत मात्र विज्ञानाने केव्हाच निकालात काढली आहे. मुलाच्या बोलण्यात निराशा किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर निदानाची वाट न पाहता मदत घ्यावी. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

उत्तर मिळाल्यानंतर

उत्तर ‘सामाजिक चिंता’ असे आले, तर वर्तनोपचारात भीतीच्या प्रसंगांना हळूहळू, पायरीपायरीने सामोरे नेले जाते आणि त्याचा चांगला उपयोग होतो. उत्तर ‘स्वमग्नता’ असे आले, तर गोंगाटात बळेच ढकलल्याने कान बोथट होत नाहीत. तेथे विश्रांतीची शांत जागा, स्पष्ट शब्दांत सूचना, बदलाची आगाऊ कल्पना आणि आवडीच्या विषयाभोवती जुळणारी एखाद-दुसरी मैत्री यांचा उपयोग होतो. चिंता सोबत असेल, तर तिच्यावरही उपचार करता येतात. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही आणि तसा दावा करणाऱ्यांपासून दूर राहावे.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. प्रमाणपत्र घ्यावे की नाही, कोणाला सांगावे, हा निर्णय मात्र मुलाला विचारूनच व्हावा.

तपासणीअंती स्वमग्नता नाही असे ठरले, तरी तो खटाटोप वाया जात नाही. मुलाला कशाचा त्रास होतो, हे घरात प्रथमच नीट ऐकले गेलेले असते आणि त्या त्रासावर योग्य ती मदत शोधण्याचा मार्ग मोकळा होतो.