मराठी ख्रिस्ती उपासनेतील संगीत

मराठी ख्रिस्ती उपासनेतील संगीत या संज्ञेत मराठी भाषक ख्रिस्ती मंडळ्यांच्या सामूहिक प्रार्थनेत, प्रभुभोजनाच्या विधीत, सणावारी, अंत्यविधीच्या वेळी आणि सुवार्ताप्रसाराच्या कार्यात गायली जाणारी गीते, भजने, अभंग व कीर्तने यांचा समावेश होतो. या परंपरेचा माग सतराव्या शतकातील गोव्यात रचल्या गेलेल्या ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'पर्यंत नेता येतो. तिला आजचे ओळखीचे रूप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, विशेषतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात, आले. नाशिकचा या परंपरेशी दुहेरी संबंध आहे. शहरालगतचे शरणपूर ही महाराष्ट्रातील जुन्या ख्रिस्ती वसाहतींपैकी एक वसाहत आहे. तसेच या गीतपरंपरेचे प्रमुख कवी नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचे अनेक धागे याच परिसराशी बांधलेले आहेत.

उपासनेतील संगीताचे प्रयोजन

ख्रिस्ती धर्मविचारात गायन ही उपासनेची सजावट मानली जात नाही. ते उपासनेचेच एक अंग होय. यहुदी परंपरेतून आलेली स्तोत्रसंहिता हे मुळात गाण्याचे पुस्तक आहे. शेवटच्या भोजनानंतर येशू व त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असा उल्लेख मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत आढळतो. प्रेषित पौलाने इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत स्तोत्रे व आध्यात्मिक गीते यांचा उल्लेख परस्परांना शिकवण्याच्या व बोध करण्याच्या संदर्भात येतो. म्हणजे गाणे देवाला उद्देशून असतेच, पण त्याच वेळी ते शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठीही असते. ही दुसरी बाजू अनेकदा दुर्लक्षिली जाते.

संगीताविषयीची शंकाही तितकीच जुनी आहे. संदेष्टा आमोस याच्या ग्रंथात न्यायाविना केलेले गायन देवाला नकोसे असल्याचे म्हटले आहे. संत ऑगस्टिन यांना गाण्याच्या गोडीने मन शब्दांवरून सुरांवर घसरते याची खंत वाटे; तरीही गायनाने दुर्बळ मनाला भक्तीकडे उचलून धरता येते हे त्यांनी मान्य केले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर यांनी लोकभाषेतील गीतांना उत्तेजन दिले व १५२४ मध्ये अशा गीतांचे पहिले संग्रह प्रसिद्ध झाले. कॅल्व्हिन यांनी प्रामुख्याने स्तोत्रांचे एकसुरी गायन राखले, तर झ्विंग्ली यांच्या झुरिकमध्ये उपासनेतून संगीत काही काळ हद्दपारच झाले. या साऱ्या मतभेदांच्या मुळाशी एक व्यावहारिक प्रश्न दिसतो: गाणार कोण? निवडक गायक गाणार आणि मंडळी ऐकणार, की मंडळी स्वतः गाणार? मराठी मुलुखात या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला, तो म्हणजे मंडळीने गायचे तर कोणत्या चालीत.

ओवीचा आरंभ

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टी भागात राहिले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या निर्मितीचे कारण ग्रंथातच सूचित झाले आहे: जुनी पुराणे वर्ज्य ठरवलीत, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा नवख्रिस्ती लोकांचा रास्त प्रश्न होता. स्टीफन्स यांनी उत्तरादाखल प्रवचनांचा संग्रह दिला नाही, पुराणच दिले. ते देवळात रविवारी व सणांच्या दिवशी म्हटले जाई. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषांच्या वापरावर बंधने आणली, त्यामुळे या ओवीपरंपरेची वाट गोव्यातच आक्रसली आणि देशावरील ख्रिस्ती मंडळ्यांना दोनशे वर्षांनंतर जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली.

भाषांतरित गीतांची अडचण

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन, चर्च मिशनरी सोसायटी, स्कॉटिश मिशन इत्यादी संस्थांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली व ती मूळच्या पाश्चात्त्य चालींवर बसवली. येथे अडचण केवळ परकेपणाची नव्हती. ती छंदशास्त्राची होती. इंग्रजी गीताची ओळ शब्दातील आघातावर तोललेली असते आणि चालीतील जोरकस ठोका आघातयुक्त अक्षरावर पडतो. मराठीत असा ठसठशीत आघात नाही. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचे मान चालते. परिणामी ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ अक्षर आखडते आणि शब्द ओळखू येईनासा होतो. लिहितावाचता न येणाऱ्या उपासकाच्या हाती पुस्तकाचा आधार नसे. त्याला गाण्यातला शब्दच कळला नाही, तर पौलाला अभिप्रेत असलेला बोध तेथेच संपतो.

अभंगात ही अडचण येत नाही. अभंग हा अक्षरछंद आहे. त्याच्या मोठ्या प्रकारात साधारणतः सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चार चरण असतात, दुसऱ्या व तिसऱ्या चरणात यमक असते, आणि गाताना सर्व अक्षरे दीर्घ धरण्याची रीत असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण उरत नाही. एकाने ओळ म्हणावी व इतरांनी ती उचलावी, ही भजनाची पद्धत निरक्षर मंडळीलाही पूर्ण सहभाग देते. ल्यूथर यांनी जर्मन लोकांसाठी जे साधले, त्याची सामग्री मराठीत वारकऱ्यांनी आधीच तयार करून ठेवली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

ख्रिस्ती कीर्तन

अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मराठी कार्यकर्त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा प्रकार स्वीकारला. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे या वळणाचे आरंभीचे कवी व कीर्तनकार म्हणून ओळखले जातात. नमन, मुख्य पद व त्याचे निरूपण असा पूर्वरंग आणि आख्यानाचा उत्तररंग ही कीर्तनाची चौकट जशीच्या तशी ठेवून त्यात बायबलमधील कथा आणल्या गेल्या. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त किंवा भावांनी विकलेल्या योसेफाची कथा अशा आख्यानाला साजेशीच आहे. ओवी, अभंग, साकी, दिंडी, पद अशी मिश्र रचना, टाळ, मृदंग वा तबला आणि पेटी यांच्या साथीने कीर्तन दोन-तीन तास रंगू शके. देवळाच्या आत न येणारा श्रोताही चावडीपुढील कीर्तनाला बसत असे, हा त्याचा सुवार्ताप्रसाराच्या दृष्टीने मोठाच लाभ होता.

टिळकांची गीते आणि नाशिक

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. तरुणपणी त्यांनी नाशिकमध्ये संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच लक्ष्मीबाई, यांच्याशी झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे पतिपत्नी काही वर्षे विभक्त राहिली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळातील घालमेलीचे वर्णन त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आले आहे.

अहमदनगरला राहून टिळकांनी मराठी मंडळ्यांसाठी शेकडो गीते व अभंग रचले. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन करू लागले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या गीतरचनेची भूमिकाही त्यातच आहे. धर्मांतर म्हणजे भाषेचे व सुरांचे स्थलांतर नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. उपासकाने देवाशी बोलताना उसन्या सुरात बोलू नये, ही त्यामागची धारणा. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' हा भक्तसमुदाय उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या दोहोंनाही त्यात स्थान होते. अशा मिश्र समुदायाला एकत्र बसवण्यास भजनासारखे साधन दुसरे नव्हते. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे निधन झाले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रचलित असलेल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. निकल मॅक्निकल यांनी त्यांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरे केली आणि त्यांपैकी काही इंग्रजी गीतसंग्रहांतही समाविष्ट झाली. गीतांच्या प्रवासाची नेहमीची दिशा येथे उलटली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्ण राहिले होते. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यांचे अखेरचे दिवस नाशिकला गेले व २४ फेब्रुवारी १९३६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

खुद्द नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ पासून सुरू होते. शरणपूरची वसाहत १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने वसली. तेथे मराठी कुटुंबे व अनाथ मुले यांच्यासोबत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही राहत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट याच संस्थेत शिकलेला होता. निरनिराळ्या भाषांतून आलेल्या अशा वसाहतीत ठरावीक प्रार्थना व गीते यांचे महत्त्व सहज लक्षात येते. दुसऱ्या बाजूला गोदेकाठी रामकथा, कीर्तने व भजने यांचा अखंड वावर होता. विष्णु दिगंबर पलुसकरांनीही उत्तरायुष्यात भक्तिसंगीतासाठी पंचवटीचाच आश्रय घेतला. पेटीच्या साथीचे भजन आणि ऑर्गनच्या साथीचे गीत एकाच गावात, काही मैलांच्या अंतरावर, ऐकू येत असे.

चालींविषयीचे मतभेद

देशी चालींचा स्वीकार बिनविरोध झाला नाही. काही परदेशी मिशनऱ्यांना त्या चालींबरोबर जुन्या देवतांचे स्मरणही देवळात येईल अशी भीती वाटे. या आक्षेपाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यापेक्षा अवघड प्रश्न मंडळीच्या आतला होता, आणि त्याची चर्चा कमी झाली. अहमदनगर व आसपासच्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात महार व मांग समाजांतून आला. गावगाड्यात हलगी व सनई वाजवणे हे मांगांकडे जातीने आलेले काम होते. ज्याला ते वाद्य जन्माने हातात दिले गेले होते, त्याला देवळात ते पुन्हा हाती घेणे म्हणजे संस्कृतीचा अभिमान वाटेलच असे नाही. अशा उपासकासाठी परकी चाल हीच कधी मोकळी हवा ठरू शकते. 'देशी' या एकाच शब्दात वारकऱ्याचा टाळ, कीर्तनकाराची पेटी व गावकीची हलगी एकत्र कोंबली की हा भेद दिसत नाही.

तमिळनाडूत थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनी नेमका याच प्रश्नाला हात घातला. मदुराईच्या धर्मशास्त्र विद्यालयात अध्यापन करताना त्यांनी शास्त्रीय कर्नाटक वळणाच्या गीतांऐवजी लोकगीतांच्या चाली व दलितांचे परै हे वाद्य उपासनेत आणले. ज्या वाद्याने अपमान झाला त्यालाच प्रतिष्ठा द्यावी, ही त्यांची भूमिका होती. मराठी उपासनेत भजन व अभंग यांनी जे स्थान मिळवले, ते हलगीला मिळालेले नाही.

कॅथलिक उपासना

कॅथलिक मिस्सा दीर्घकाळ लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाव दिला आणि प्रत्येक प्रदेशातील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले. त्यानंतर वसईसह मराठी भाषक धर्मग्रामांत मराठी गीतांचा विस्तार झाला. नाशिकचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. नाशिक रोड येथील बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेला विविध भाषा बोलणारे व विविध धर्मांचे भाविक येतात.

सद्यःस्थिती

शहरी मंडळ्यांत कीबोर्ड, गिटार व ड्रम यांचा वापर वाढला असून पुस्तकाऐवजी पडद्यावर शब्द दाखवण्याची सोय झाली आहे. तरुणांत हिंदी व इंग्रजी गीतांची ओढ दिसते. यांत ध्वनिवर्धकाचा आवाज मंडळीच्या आवाजाला झाकतो तेव्हा 'गाणार कोण' हा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. नाताळच्या आधी घरोघर जाऊन गीते म्हणण्याची प्रथा, उपवासकाळातील दुःखसहनाची गीते आणि अंत्यविधीच्या वेळचे सामूहिक गायन यांत मात्र जुनी मराठी गीते अजून टिकून आहेत. प्रेतयात्रेत ती बहुधा पुस्तकाविना म्हटली जातात.