शहागंजचा हौद आणि डोंगरावरचा लोंढा

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात आज घड्याळाचा मनोरा, कापडाची दुकानं आणि हातगाड्यांची दाटी दिसते. अठराव्या शतकात इथे मोठा हौद होता. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली यानं तो सुरू केला आणि इवजखानानं मशीद व भोवतालच्या इमारती वाढवल्या. खाफी खान हा इतिहासकार लिहितो, की उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली की हा हौद लोकांना आधार देई. भर बाजारात पाण्यासाठी एवढी जागा सोडणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

माझं माहेर हर्सूलचं, माळ्याचं घर. आबा मेथी-वांगी घेऊन शहागंजच्या मंडईत यायचे. वैशाखात दुपारी जटवाड्याकडचे डोंगर काळवंडले की ते ओढ्यात बैलगाडी घालू देत नसत. "इथं थेंब नाही, पण वर बडवलंय," म्हणायचे. थोड्याच वेळात लोंढा यायचा. गढूळ, काटक्या-पाचोळा घेऊन. संध्याकाळपर्यंत ओढा पुन्हा कोरडा. वळीव असाच. काळ्या पाषाणाचे उघडे डोंगर आणि मुरमाड उतार त्याला थोपवत नाहीत. भेगाळलेली काळी जमीन पाणी पिते, पण तासाभराचा पाऊस दहा मिनिटांत कोसळला तर ती तरी किती पिणार?

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली आणि या डोंगरांकडचं पाणी जमिनीखालून नहरीनं शहरात आणलं. पुढे पाणचक्कीही हर्सूलकडून आलेल्या नहरीच्या पाण्यावर फिरली. पण मला सांगायचंय ते शहरातून वाहणाऱ्या खाम नदीवरच्या जुन्या पुलांबद्दल. बारापुल्ला दरवाज्यापाशी उभं राहून कमानी पाहा. वर्षातले कितीतरी महिने जिच्यात जेमतेम धार असते, त्या नदीसाठी एवढ्या कमानी! बांधणाऱ्यांनी उन्हाळ्यातली खाम पाहून नव्हे, लोंढ्याची खाम डोळ्यांपुढे ठेवून पूल बांधला.

मार्च २०१४ मध्ये गारपिटीनं मराठवाड्यातला उभा गहू आडवा केला. २०२५ चा मे तर पावसातच गेला. अवकाळी आता पाहुण्यासारखा येत नाही, मुक्कामालाच येतो. आणि आपण मात्र ओढे बुजवत चाललो आहोत.

आमच्या मळ्याशेजारचा ओढा आता दोन प्लॉटांमधली अरुंद गटार झालाय. गावनकाशात त्याची पूर्ण रुंदी अजून आहे. त्या नकाशावरून हद्द आखून मिळावी म्हणून भावानं आणि मी मोजणीचा अर्ज दिला आहे.