चिकूचे कलम व खुंट

चिकूचे कलम म्हणजे निवडक चिकूच्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपाच्या मुळांवर जोडून तयार केलेले झाड होय. मुळे पुरविणाऱ्या रोपास खुंट म्हणतात. महाराष्ट्रात चिकूसाठी प्रसिद्ध असलेला डहाणू-घोलवड परिसर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथील मुख्य जात कालीपत्ती ही आहे.

बियांपासून वाढविलेले चिकूचे झाड उशिरा फळते आणि त्याची फळे मातृवृक्षासारखी निघतीलच असे नाही. म्हणून बागेसाठी कलमेच लावतात. गुटी कलमात फांदीलाच मुळे फोडतात; त्यात खुंट नसतो आणि सोटमूळही नसते, त्यामुळे झाडाची जमिनीतील पकड तुलनेने कमी राहते. भेट कलमात खुंटाचे रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ आणून दोहोंची साल व थोडे लाकूड तासतात, काप एकमेकांना भिडवून घट्ट बांधतात आणि जोड एकजीव झाल्यावर, साधारणतः दोन-तीन महिन्यांनी, कलम मातृवृक्षापासून वेगळे करतात. मृदुकाष्ठ कलमाची पद्धतही वापरली जाते.

खुंट म्हणून खिरणी (रायण) श्रेष्ठ मानली जाते. ती चिकूच्याच कुळातील असून तिच्यावरील झाडे जोमदार, दीर्घायुषी व अधिक फळणारी होतात. चिकूच्याच रोपावर बांधलेल्या कलमांची वाढ कमी-अधिक होते. मात्र खिरणीचे रोप फार सावकाश वाढते. ते कलमायोग्य होण्यास सुमारे दोन वर्षे लागतात आणि रोपवाटिकेला घाईचा मोह होतो तो येथेच. चुकीच्या खुंटाचे नुकसान बागायतदाराला काही वर्षांनी, झाडाने जागा व पाणी घेतल्यानंतर कळते.

सफरचंदात खुंटाचा उपयोग बहुधा उलट हेतूने होतो. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील ‘एम ९’ खुंटावर झाड ठेंगणे राहते व लवकर फळते. असे खुंट मुळे फोडून वाढवितात, त्यामुळे ते एकसारखे असतात. खिरणी बियांपासून वाढवितात. म्हणून एकाच बागेतील कलमांतही थोडा फरक आढळतो. खिरणी झाडाला ठेंगणे करीत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते: बागेत दोन झाडांत सुमारे दहा मीटर अंतर ठेवतात. ठाणे किंवा डोंबिवलीतील इमारतीच्या अरुंद आवारात असे कलम लावणाऱ्यास पुढे छाटणी चुकत नाही.

लागवडीच्या वेळी जोड मातीच्या वर ठेवतात. जोडाखालून फुटणारे धुमारे खिरणीचे असतात. ते वेळीच काढले नाहीत, तर कलमकाडी मागे पडते आणि झाडाला चिकूऐवजी खिरणीची लहान पिवळी फळे लागतात.