शिवाशीव फक्त दिवसाची

माझी आजी स्वतःवर गुदरलेलं फार बोलली नाही. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं मेली ढोरं ओढायचं बंद केलं, त्याच साली रात्री वाड्यावरची माणसं झोपडीत शिरली. का, असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "तुज्या आज्यानं ढोर वढलं न्हाई म्हून." वासना, दारू, वाईट नजर यातला एक शब्द तिच्या तोंडी नव्हता. तिच्याजवळ कारण होतं आणि कारणाला साल होतं.

भंवरीदेवीचा खटला वाचताना आजी आठवली. राजस्थानातल्या भटेरीची ही कुंभार बाई. उतरंडीत आपल्यापेक्षा दोन मडकी वर, तरी खालचीच! १९८५ पासून सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन. १९९२ च्या आखातीजला गुर्जरांच्या घरी पाळण्यातल्या पोरीचं लग्न होतं, ते अडवायला ती गेली. लग्न लागायचं ते लागलंच. मग बहिष्कार, तिची मडकी कुणी घेईना. २२ सप्टेंबरला शेतात नवऱ्याला मारून तिच्यावर बलात्कार झाला.

ती पहिल्यापासून सांगत आली, हा लग्न अडवल्याचा सूड आहे. १९९३ साली जामीन नाकारताना राजस्थान हायकोर्टाच्या न्यायमूर्ती तिबरेवालांनीही तेच लिहिलं. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयानं पाचही जणांना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. का? तर काका-पुतण्या मिळून असं करणार नाहीत, अन् वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाही.

शिवणार नाही! अहो, शिवाशीव हंड्याला, बाईला नाही. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. कोर्ट वासना शोधत होतं. सोवळ्याचा माणूस हिला भुलेल कसा, एवढाच त्याचा सवाल. भंवरी बोलत होती शिक्षेबद्दल. शिक्षा देणारा बाई बघत नाही, तिनं मोडलेला रिवाज बघतो.

गंमत बघा, तिच्याच प्रकरणातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. कामावरच्या बायकांना संरक्षण मिळालं. हिचं अपील मात्र वर्षानुवर्षं पडून राहिलं, आरोपींतले काही मरूनही गेले.

आजीचा तर खटलाच झाला नाही. पण आज्यानं पुन्हा ढोर ओढलं नाही. भंवरीनंही साथीनचं काम सोडलं नाही.