पुण्याची संस्कृत पाठशाळा : धर्मशास्त्र, काव्य आणि इतिहास

इ. स. १८२१ त कमिशनर चॅपलिन ह्यांनीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापिली, आणि पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेचा कांहीं भाग तिजकडे लाविला, हें वाचकांस विदित आहेच. तींत व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष, अलंकार, धर्मशास्त्र इत्यादि विषय चालत. ह्यांतील धर्मशास्त्राविषयीं आम्हांस येथें मुख्यतः लिहावयाचें आहे.

इतर शास्त्रें विद्येकरितां होतीं. धर्मशास्त्राला मात्र कचेरीचा आश्रय होता. अदालतींत साहेबांस शास्त्रार्थ सांगण्यास शास्त्री लागत. परंतु मुंबई सरकारच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाचें २६ वें कलम पाहावें. सरकारी कायदा नसेल तेथें देशाचा रिवाज प्रथम, आणि तो नसेल तर प्रतिवादीचें शास्त्र, असा क्रम त्यांत घातला आहे. म्हणजे ज्या मिताक्षरेसाठीं शास्त्री बारा वर्षें घोकीत, तिची पाळी रिवाजानंतर! त्याच वर्षीं स्टील साहेबांचा दक्षिणेंतील जातींच्या आचारांचा ग्रंथ निघाला. त्यांत पाटाचा रिवाज नमूद आहे. आणि पाट म्हणजे विधवेचें पुनः लग्न, ज्यास आमचे निबंधकार कलियुगांत वर्ज्य म्हणतात.

पाठशाळेंतून हा रिवाज कळण्याचा मार्गच नव्हता, असें आमचें मत आहे. तो कळता तो निवाडपत्रांवरून व महजरांवरून. आणि पेशव्यांचें दप्तर तर पुण्यांतच होतें. परंतु त्या रुमालांना शास्त्र कोण म्हणणार? इतिहास म्हणजे भारत आणि पुराणें, ही जुनी व्याख्या तेथें अढळ होती. ह्या उपेक्षेचें फळ लौकरच आलें. १८६४ च्या अकराव्या कायद्यानें अदालतींतील शास्त्र्यांच्या जागा उठल्या. बॉरोडेल ह्यांनीं व्यवहारमयूखाचें इंग्रजी भाषान्तर १८२७ तच केलें होतें. न्यायाधीशाला पुस्तक पुरे झालें, शास्त्री नको झाला. नीळकंठभट्टांचें घराणें मूळचें पैठणचें. त्यांचा ग्रंथ आमच्याच प्रांतांत इंग्रजींतून वाचला जावा, ह्याचा विषाद आम्हांस वाटतो.

काव्याविषयीं थोडकेंच सांगूं. काव्य हें व्युत्पत्तीचें साधन समजत; मराठी कवितेस शालेय वाचनांत खरा मान १८५४ त गोडबोल्यांच्या 'नवनीता'नें मिळाला.

इतिहास शिरला तो मराठी शाळांच्या वाटेनें. ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ त झाला. कॅप्टन केपन ह्यांच्या मराठी भाषान्तराला नांव पडलें 'मराठ्यांची बखर', हा विनोदच म्हणावा! १८५१ त पाठशाळा इंग्रजी शाळेशीं एक होऊन पूना कॉलेज झालें, आणि तेंच पुढें डेक्कन कॉलेज. त्याच कॉलेजांतील नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनीं १८६७-६८ च्या सुमारास डफच्या बखरीवर टीका लिहिली. दहा वर्षांनीं, १८७८ त, साने, मोडक व चिपळूणकर ह्यांनीं 'काव्येतिहाससंग्रह' काढला. त्यांत संस्कृत काव्यें, मराठी कविता आणि बखरी एका मासिकांत निघूं लागल्या. निवाडपत्रें मात्र पुस्तकरूपानें हातीं येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. मावजी व पारसनीस ह्यांनीं तीं छापलीं, तोंवर मयूखावर कज्जे चालवून वकिलांच्या दोन पिढ्या झाल्या होत्या.