निराश्रित विद्यार्थ्यांच्या योगक्षेमाचा खर्च

आपल्याकडील शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुधा शाळा, शिक्षक व क्रमिक पुस्तकें यांचा विचार करतात. विद्यार्थी रात्रीं कोठें निजत होता व त्याच्या पोटाची सोय कोणीं केली होती, हा प्रश्न मागें राहतो. ज्याला घर आहे त्याच्या बाबतींत तो उद्भवतच नाहीं. परंतु मातृपितृहीन किंवा निराधार मुलाच्या बाबतींत शाळेच्या फीपेक्षां हाच खर्च मोठा असतो. तो कोणीं व कसा भरला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जुनी तोड म्हणजे माधुकरी व वार. गरीब विद्यार्थ्यानें झोळी घेऊन शिजलेलें अन्न मागावें, किंवा सात दिवसांस सात घरें धरून जेवावें, अशी ही रीत होती. तींत रोकड लागत नसे व एका गृहस्थावर सर्व भार पडत नसे. म्हणून ती दीर्घकाल टिकली. पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा, म्हणजे हल्लींच्या पुणें विद्यार्थी गृहाचा, आरंभकाळहि माधुकरीच्या आधारावर गेला. परंतु या रीतीस सोंवळ्याचें कुंपण होतें. मुलींस व हलक्या मानलेल्या जातींच्या मुलांस त्या पंक्तींत स्थान नव्हतें.

ही उणीव निराळ्या मार्गांनीं भरून काढावी लागली. प्रार्थनासमाजानें १८७५ सालीं पंढरपुरास बालकाश्रम काढला. १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनीं धनकवडीस मुलांसाठीं आश्रम चालविला. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईस उघडलें, तें बोस्टन येथील मंडळीनें दहा वर्षांपुरत्या दिलेल्या मदतीच्या वचनावर. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापून तिच्यासाठीं वर्गणी जमविली. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांस इमारती व जमिनी दिल्या. या तिहींत भेद आहे. वर्गणी दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते, वचनाची मदत मुदतीवर. जमिनीचें उत्पन्न मात्र दाता गेल्यावरहि चालू राहूं शकतें.

भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. मुलांचे स्वतःचे श्रम व खेड्यांतून जमविलेलें धान्य हें त्याचें भांडवल होतें. तरीहि तूट येई. ती भरण्यास लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि, मोडलें. १९४८ सालीं मुंबई सरकारनें संस्थेचें अनुदान थांबविलें. तें पुढें पुन्हा सुरू झालें. राजकारणांतील मतभेदाची झळ मुलांच्या ताटास कशी लागूं शकते, याचें हें उदाहरण होय.

आतां २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षण मोफत केलें आहे, व २०१५ च्या बालन्याय कायद्यानें निराधार बालकास संस्थेंत किंवा दुसऱ्या कुटुंबांत ठेवण्याची तजवीज केली आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेंत अशा मुलासाठीं कुटुंबास दरमहा रक्कम मिळते. आमच्या मतें हें वाराचेंच तत्त्व आहे. मुलानें गृहस्थाच्या घरीं वाढावें, फक्त जातीची अट जाऊन खर्च खजिन्यावर आला. परंतु मोफत शिक्षण चौदाव्या वर्षीं व बालपण अठराव्या वर्षीं संपतें, भूक मात्र संपत नाहीं. दहा वर्षांच्या वचनानें जो प्रश्न उभा केला, तोच येथें शिल्लक आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. सनदा व बखरी आपण जिवापाड जपतों. वसतिगृहांच्या कोठीच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या व वार्षिक अहवाल मात्र रद्दींत जातात. एका मुलाच्या महिन्याच्या जेवणास काय पडलें व तें कोणीं दिलें, याचा लेखी पुरावा तेथेंच सांपडण्याचा संभव आहे. असे कागद हातीं आल्यास ते जतन करावे. प्रसिद्ध करतांना मुलांचीं नांवें मात्र झांकावीं, कारण त्यांचे वंशज आज आपल्यांतच नांदत आहेत.