खणण्याचे हत्यार आणि इतिहासाचा पुरावा

धातुशोधक यंत्र जमिनीत धातू आहे एवढेच सांगते. तो कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात आहे, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नाही. ही माहिती हाती लागणार की कायमची नष्ट होणार, हे यंत्रानंतर उचलल्या जाणाऱ्या हत्यारावर अवलंबून असते. या दृष्टीने इंग्लंडमधील अनुभव उद्बोधक आहे.

दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग हुडकण्यासाठी विकसित झालेले हे तंत्र पुढे हौशी शोधकांच्या हाती आले. त्यांच्यापैकी अनेकांनी बागकामाचे रुंद फावडे सोडून अरुंद व लांब पात्याचे फावडे पसंत केले. त्याने गवताची ढलपी स्वच्छ कापता येते, खड्डा लहान राहतो आणि ढलपी पूर्ववत बसविता येते. तथापि पात्याची लांबी हाच त्याचा धोका होय. नांगरटीचा थर सामान्यतः २० ते ३० सेंटीमीटर जाडीचा असतो. त्यातील वस्तूंचे मूळ स्थान पूर्वीच ढळलेले असते, म्हणून तेथे असे फावडे फारशी हानी करीत नाही. त्याखालील अबाधित थरात मात्र एकच घाव शतकानुशतके टिकलेली रचना उद्ध्वस्त करू शकतो. तेथे लहान थापी व कुंचला हीच योग्य साधने होत, आणि तीही जाणत्या हातांत.

१९८५ साली विल्टशायर परगण्यात सॉल्झबरीनजीक यंत्रधारी शोधकांनी ब्राँझच्या शेकडो वस्तू खणून काढल्या व त्या बाजारात विखुरल्या. त्यांपैकी काही वस्तूंच्या घडणीत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर होते. इतक्या भिन्न काळांतील वस्तू एकाच खड्ड्यात का पुरल्या गेल्या, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होता. परंतु त्याचा पुरावा घाईच्या खोदाईत विस्कटला. ब्रिटिश म्युझियममधील इयान स्टेड यांना या वस्तूंचा माग काढण्यासाठी अनेक वर्षे खर्च करावी लागली.

याउलट उदाहरण सफोक परगण्यातील हॉक्सन येथील आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना त्याच्या परिचिताला रोमन नाणी व चांदीचे चमचे आढळले. काही वस्तू निघताच त्याने खोदाई थांबविली आणि अधिकाऱ्यांना वार्ता कळविली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. काही भाग मातीच्या गोळ्यांसह उचलून प्रयोगशाळेत सावकाश उलगडण्यात आले. सुमारे १५,००० नाणी व चांदीसोन्याच्या सुमारे २०० वस्तू मिळाल्या. त्यांहूनही मोलाची गोष्ट अशी की, लाकूड बहुतांशी कुजून गेले असतानाही पेटीचा आकार, आतील लहान डबे व सामान भरण्याची पद्धत निश्चित करता आली. तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

पुढे १९९६ च्या निधिविषयक कायद्याने निधी ठरू शकणारी वस्तू चौदा दिवसांत कळविणे बंधनकारक केले. २००६ साली तयार झालेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या आचारसंहितेने शक्यतो नांगरटीने ढवळलेल्या जमिनीतच शोध घेण्याचा दंडक घातला.

यंत्र नसले तरी हा प्रश्न टळत नाही. महाराष्ट्रातील दायमाबाद येथे १९७४ साली एका ग्रामस्थाला झाडाच्या मुळाशी खणताना रथ, हत्ती, गेंडा व महिष अशा चार ब्राँझ प्रतिमा सापडल्या. त्यांचे एकूण वजन ६० किलोहून अधिक आहे. त्या शास्त्रीय उत्खननात न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद उत्पन्न झाले. त्या ग्रामस्थाला दोष देण्याचे कारण नाही, कारण तो इतिहास शोधण्यासाठी खणत नव्हता. परंतु जो त्यासाठीच खणतो, त्याने हत्यार निवडताना ते किती खोल जाते याआधी ते कोठे थांबवावयाचे, हे ठरविले पाहिजे.